हवाई बेटांतील मुंग्या व त्यांच्या राण्यांचा शोध

मुंग्यांचा उपद्रव ज्यास कधींच झाला नाहीं असा बागाईतदार विरळा. द्राक्षाच्या वेलीवर, सीताफळावर अगर आंब्यावर पिठ्या ढेकूण दिसूं लागला कीं, त्याच्या मागोमाग खोडावरून मुंग्यांची रांग चढउतार करूं लागते, हें आमच्या वाचकांनीं पुष्कळदां पाहिलें असेल. अशा वेळीं सामान्यतः जो उपाय योजिला जातो तो म्हणजे रांगेवर औषध मारून दिसतील तितक्या मुंग्यांचा नाश करणें. चार दिवस खोड साफ दिसतें. आठव्या दिवशीं रांग पूर्ववत् चालू. याचें कारण एवढेंच कीं, रांगेंत दिसणारी मुंगी ही वसाहतीची केवळ चाकर असून वसाहतीचें मूळ जी राणी, ती जमिनींत, सालीखालीं अगर पानांच्या बेचक्यांत निर्धास्त बसून अंडीं घालीत असते. एवढी गोष्ट शाळेंतील पुस्तकांतूनही सांगितलेली असते. परंतु ती राणी शोधावी कोठें, सांपडल्यास ओळखावी कशी, आणि ती हातीं लागत नसेल तर तिच्यापर्यंत औषध पोंचवावें कोणत्या वाटेनें, याचा विचार फारच थोड्या ठिकाणीं शेतकऱ्यांच्या गरजेपोटीं झालेला आहे. त्यांपैकीं हवाई बेटें हें एक प्रमुख ठिकाण होय. तेथील हकीकत आमच्या बागाईतदारांस उपयोगी पडण्यासारखी असल्यामुळें ती येथें जरा विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हीं बेटें पॅसिफिक महासागराच्या जवळजवळ मध्यावर, कोणत्याही खंडापासून हजारों मैल दूर अशीं आहेत. १९५९ सालापासून तीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें एक घटक राज्य आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाचें नांवही हवाई हेंच असून त्याच्या पूर्व किनाऱ्यावरील हिलो हें गांव मुंबई व नाशिक यांच्या दरम्यानच्या अक्षांशावर येतें. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या कोंकणासारखा. फरक इतकाच कीं, तो चार महिन्यांत न कोसळतां बाराही महिने थोडाथोडा पडत राहतो. अशा उबदार, ओलसर व झाडझाडोऱ्यानें भरलेल्या प्रदेशांत मुंग्यांचें राज्य असावें यांत नवल नाहीं. नवल आहे तें निराळेंच. या बेटांची स्वतःची म्हणून एकही मुंगी नाहीं. आज तेथें पन्नासाहून अधिक जातींच्या मुंग्या नांदत आहेत, त्या सर्व मनुष्याच्या मालाबरोबर, रोपांबरोबर व जहाजांतून बाहेरून आलेल्या आहेत. आलेल्या पाहुण्यांस तेथें जन्मतः वैरी कोणी नसल्यामुळें त्यांतील कांहींनीं घरच बळकाविलें.

पहिला मोठा अनुभव अननसाच्या मळ्यांतला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील अननसाची लागवड झपाट्यानें वाढली आणि तिच्यामागोमाग एक रोग बळावला. पानें तांबूस-पिवळीं पडून टोंकाकडून वाळत, कडा खालीं वळत, मुळांची वाढ खुंटे व फळ लहान राही. वॉल्टर कार्टर या कीटकशास्त्रज्ञानें १९३० नंतरच्या वर्षांत या रोगाचा संबंध पिठ्या ढेकणाशीं जोडून दाखविला. पुढें पुष्कळ वर्षांनीं त्यांत विषाणूचाही हात असल्याचें निष्पन्न झालें. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनें महत्त्वाचा शोध तिसराच होता. ज्या मळ्यांत मुंगी नाहीं त्या मळ्यांत पिठ्या ढेकूण फारसा टिकत नाहीं. मूळची आफ्रिकेंतील एक मोठ्या डोक्याची मुंगी — हिच्या वसाहतींतील शिपाई मुंग्यांचें डोकें धडाच्या मानानें फारच मोठें असतें म्हणून हें नांव — ही ढेकणाच्या अंगांतून पाझरणारा गोड चिकटा नेते, त्याबद्दल त्याच्यावर टपलेल्या कीटकांना हुसकून लावते, आणि ढेकूण आपल्याच चिकट्यांत बुरशीनें लडबडून मरण्याचा जो संभव असतो तोही टाळते. गुराख्यानें गुरें राखावींत त्यांतलाच हा प्रकार. गुराखी घालविला कीं गुरांची वाताहत होते.

मग गुराख्यास घालवावयाचें कसें? मळेवाल्यांनीं प्रथम शेताभोंवतीं फळ्यांचें कुंपण करून मुंगी अडविण्याची खटपट केली. त्यामागील निरीक्षण मात्र फार मार्मिक होतें आणि तें आम्ही वाचकांच्या नजरेस मुद्दाम आणीत आहों. जुनें पीक काढून जमीन नांगरली म्हणजे शेताच्या पोटांतील वसाहती बहुतेक मोडतात. त्यांतून ज्या वसाहती वांचतात त्या बांधावर, पाटाच्या कडेला, दगडांच्या राशींत व पडीक पट्ट्यांत. नवी लागवड झाली कीं या कडेच्या मुंग्या ओळीमागून ओळ आंत सरकतात, आणि त्यांच्याबरोबर राण्याही मुक्काम हलवितात. म्हणजे पीक उभें असतांना मुंगी शेतभर दिसते, तरी राणीचा मूळ ठिकाणा शोधावयाचा तो बांधावर. आपल्याकडे बांध हा प्रकार हवाईपेक्षां कितीतरी अधिक. तेव्हां हें निरीक्षण आपल्या शेतांतही पडताळून पाहण्याजोगें आहे.

पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर तीव्र व टिकाऊ कीटकनाशकें हातीं आलीं आणि राणीचा शोध घेण्याची गरजच उरली नाहीं असें सर्वांस वाटूं लागलें. हेप्टाक्लोर नांवाचें औषध अननसाच्या मळ्यांत मुंग्यांकरितां वर्षानुवर्षें मारण्यांत आलें. अमेरिकेंत इतर बहुतेक पिकांवर त्याचा वापर बंद होत असतांनाही अननसास सवलत मिळाली होती. मळ्यांतून निघालेला अननसाचा हिरवा पाला बारीक करून दुभत्या गाईंना घालण्याची तेथें चाल होती. १९८२ सालीं ओआहू बेटावरील दुधांत हेप्टाक्लोर उतरल्याचें आढळून आलें, बाजारांतील दूध परत मागवावें लागलें, आणि मातांच्या दुधांतही त्याचे अंश सांपडले. मुंगी मारण्याचें औषध वासरांच्या व लेंकरांच्या तोंडीं गेलें! त्यानंतर मळेवाल्यांनीं आमिषांत मिसळून थोडक्या मात्रेनें देण्याच्या औषधांकडे मोर्चा वळविला. हायड्रामेथिलनॉन हें त्यांपैकीं मुख्य. शेतभर विष पसरण्याऐवजीं मुंगीच्याच तोंडून तें राणीपर्यंत पाठवावें, ही कल्पना येथून रूढ झाली.

या कल्पनेची खरी कसोटी लागली ती दुसऱ्याच एका मुंगीच्या बाबतींत. तीस तेथें लहान आगमुंगी म्हणतात. दक्षिण व मध्य अमेरिका हें तिचें माहेर. कामकरी मुंगीची लांबी अवघी दीड मिलिमीटर, म्हणजे तिळाहूनही लहान. रंग फिकट नारिंगी. चाल अगदीं संथ. पाहणारास वाटावें कीं, हिच्यापासून काय होणार? १९९९ सालीं हवाई बेटाच्या पूर्वेकडील पुना भागांत ती प्रथम आढळली, आणि त्याच सुमारास काउआई बेटावरही एका ठिकाणीं सांपडली. लवकरच असें दिसून आलें कीं, ती रोपवाटिकांतील कुंड्यांबरोबर आधींच पुष्कळ ठिकाणीं जाऊन पोंचली आहे. २००९ सालीं माऊई बेटावर वाईहे येथील एका शेतांत ती निघाली. २०१३ सालच्या अखेरीस वृक्षनेच्याचे जे ओंडके बागांच्या शोभेसाठीं एका बेटावरून दुसऱ्या बेटावर विकले जात, त्यांतून ती ओआहूवर व माऊईवर गेल्याचें उघडकीस आलें.

हिचा डंख लहान, पण आग भारी. अंगावर गांधी उठून दिवसचे दिवस खाज राहते. शिवाय ही जमिनीवर राहते तशीच झाडावरही राहते, आणि फांदीवरील तिची पकड ढिली असते. फळें तोडण्यास अगर कॉफीचे घड ओरबाडण्यास माणसानें फांदी हालविली कीं, मुंग्यांचा पाऊस मानेवर, पाठीवर, सदऱ्याच्या आंत पडतो. अशा बागेंत मजूर पुन्हां येण्यास नाखूष असतो हें निराळें सांगावयास नको. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांवर पांढुरका पडदा येऊन त्यांची दृष्टि जाते, त्याचें कारणही हिचाच डंख असावा असें तेथें मानितात. भरीस भर म्हणून पिठ्या ढेकूण, मावा व खवल्याची कीड यांचेंही ही मुंगी मोठ्या निगुतीनें पालन करिते.

येथें राणीच्या शोधाकडे वळण्यापूर्वीं सामान्य मुंग्यांच्या राणीविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. कारण त्याशिवाय या मुंगीचें वेगळेपण ध्यानांत यावयाचें नाहीं.

बहुतेक जातींत वर्षांतून एकदां ठराविक हंगामांत पंखांच्या माद्या व पंखांचे नर तयार होतात. आपल्याकडे मृगाच्या सरी पडून गेल्यावर, हवा दमट व वारा पडलेला असतां, सायंकाळीं दिव्याभोंवतीं जे पंखांचे कीटक जमतात, त्यांत मुंग्याही असतात व वाळवीही असते. दोहोंची गल्लत नेहमीं होते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड व मिशा सरळ. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षां लांब, कंबर बारीक व मिशा कोंपरांत वांकलेल्या. वाळवीचा राजा राणीजवळ जन्मभर राहतो. मुंगीचा नर मात्र समागमानंतर एकदोन दिवसांत मरतो. गर्भ राहिलेली मादी खालीं उतरून आपले पंख स्वतःच मोडून टाकते आणि निवाऱ्याची जागा शोधूं लागते. रानांत राणी सांपडावयाची ती नेमकी याच वेळीं. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं मोकळ्या जमिनीवर एकटीच धांवणारी, कामकरी मुंगीहून बरीच मोठी, पंख नसलेली मुंगी दिसली तर ती राणी असण्याचा संभव फार. खात्री करावयाची असल्यास तिची छाती पाहावी. कामकरी मुंगीची छाती सडपातळ असते. राणीची छाती उडण्याच्या स्नायूंमुळें फुगीर असून तिच्या दोन्ही बाजूंस पंख मोडल्याचे बारीक वण राहिलेले असतात. पोट मोठें असणें ही खूण तितकी भरंवशाची नव्हे, कारण पोटभर रस प्यालेली कामकरी मुंगीही पोटाळ दिसते.

एकदां बिळांत शिरल्यावर ही राणी दार आंतून बंद करून घेते. पुष्कळ जातींत ती त्यानंतर कित्येक आठवडे कांहींही खात नाहीं. उडण्याचे जे स्नायू आतां निरुपयोगी झाले, ते तिच्याच अंगांत जिरून त्यांवर ती पहिल्या अळ्या पोसते. या पहिल्या मुंग्या अगदींच किरट्या असतात, पण त्या बाहेर पडून अन्न आणूं लागल्या कीं राणीचें काम फक्त अंडीं घालण्याचें राहतें. दगडाखालीं, कुजक्या ओंडक्यांत, सुटलेल्या सालीच्या मागें, पोकळ काटकींत, नारळाच्या झावळीच्या देंठाशीं शोधिल्यास अशा एकट्या राण्या सांपडतात. युरोपांतील एका काळ्या मुंगीची राणी पाळलेल्या स्थितींत जवळजवळ २९ वर्षें जगल्याची नोंद आहे. बैलजोडीच्या दोन पिढ्या निघून जाव्यात इतका हा काळ! वारुळावर वरवर औषध ओतून राणी वांचली तर उपद्रव किती काळ टिकूं शकतो याचा अंदाज यावरून येईल.

आतां लहान आगमुंगीचें पाहा. हिच्या राण्या समागमासाठीं उडत नाहींत. समागम घरांतल्या घरांत होतो. त्यामुळें पावसानंतर मोकळ्यावर धांवणारी एकटी राणी शोधीत बसल्यास ती कधींही सांपडणार नाहीं. हिला घर बांधण्याचीही आवड नाहीं. ती जमीन उकरीत नाहीं, वारूळ रचीत नाहीं. पालापाचोळ्याच्या थराखालीं, शेवाळाच्या आड, कुंडीच्या बुडाशीं, केळीच्या अगर नारळाच्या पानांच्या बगलेंत जेथें ओल व सावली मिळेल तेथें बिऱ्हाड करिते. आणि एका वसाहतींत राणी एक नसते, पुष्कळ असतात. शेजारच्या दोन वसाहतींत भांडण नसतें. मुंग्या इकडून तिकडे बिनदिक्कत जातात. सबंध बाग ही एकच वसाहत आहे असें मानिलें तरी चालेल. वाढ होते ती केळीच्या मुनव्यांप्रमाणें : एक राणी कांहीं कामकऱ्यांसह पायींच शेजारीं जाऊन नवें बिऱ्हाड थाटते. स्वतःच्या पायांनीं ही मुंगी फार हळू पसरते. तिला मैलोगणती पुढें नेणारा मनुष्यच.

तिच्या संततीचा प्रकार तर ऐकून विश्वास बसूं नये असा आहे. २००५ सालीं 'नेचर' या प्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकांत त्याचा उलगडा प्रसिद्ध झाला. ज्या वसाहती मनुष्याबरोबर देशोदेशीं पसरल्या आहेत त्यांत नवी राणी ही जुन्या राणीची हुबेहूब प्रत असते, तिच्यांत बापाचा अंश नसतो. नर हा उलट केवळ बापाची प्रत असतो, त्याच्यांत आईचा अंश उरत नाहीं. आईबाप दोहोंचा अंश उतरतो तो फक्त कामकरी मुंग्यांत, आणि त्या तर वांझ! कलमाच्या आंब्याची उपमा द्यावयाची तर राणीचें एक कलम, नराचें दुसरें कलम, आणि दोहोंच्या संकरापासून दर पिढीला नवे मजूर. शेतकऱ्यास यांतून घेण्याचा बोध एकच : जवळच्या नात्यांतील समागमानें वंश खालावेल व उपद्रव आपोआप कमी होईल, अशी आशा येथें ठेवण्यांत अर्थ नाहीं. एका कुंडींतून आलेली एक राणी व तिच्याबरोबरचे थोडेसे नर-कामकरी एवढ्या भांडवलावर सबंध खोरें व्यापलें जाऊं शकतें.

अशा मुंगीचा शोध लावण्याची जी रीत हिलो येथील हवाई अँट लॅब या संस्थेनें लोकांत रुजविली आहे ती इतकी साधी आहे कीं, आमच्या कोणत्याही वाचकास ती उद्यां करून पाहतां येईल. त्यासाठीं भुईमुगाच्या भाजलेल्या दाण्यांचें लोणी, ज्यास बाजारांत पीनट बटर म्हणतात, तें घ्यावें. लांकडाच्या बारीक काड्यांच्या टोंकास त्याचा अगदीं पातळ हात द्यावा. जाड गोळा लावूं नये, कारण मुंगी त्यांत रुतून बसते व मोजतां येत नाहीं. या काड्या झाडाच्या बुंध्याशीं, फांद्यांच्या बेचक्यांत, कुंडीच्या मातींत, दगडांच्या फटींत, जेथें जेथें सावली व ओल असेल तेथें ठेवाव्या. ऊन कडक असतां अगर पाऊस पडत असतां हें काम करूं नये. पाऊण ते एक तासानें काड्या उचलून प्रत्येक काडी तोंड बंद होणाऱ्या पिशवींत घालावी, पिशवीवर जागा लिहावी, आणि पिशव्या रात्रभर बर्फाच्या कपाटांत ठेवाव्या. मुंग्या मरतात व दुसऱ्या दिवशीं भिंगाखालीं स्वस्थपणें पाहतां येतात. कोणत्या झाडावरील काडीवर किती मुंग्या आल्या याचा बागेचा नकाशा काढिला कीं, मुंगीचा वावर कोठें दाट आहे तें कळतें.

यांत एक गोष्ट विसरूं नये. काडीवर येते ती कामकरी मुंगी. राणी कधींही येत नाहीं. काडीनें कळतें तें राणीचें गांव, तिचें घर नव्हे. घर पाहावयाचें असल्यास ज्या काडीवर सर्वांत आधीं गर्दी झाली तेथें थांबून, दाणा घेऊन परतणाऱ्या मुंगीवर नजर ठेवावी. ती चालते संथ, त्यामुळें माग काढणें जमतें. भिंग मात्र पाहिजे. माग जेथें नाहींसा होईल तेथील पाला, शेवाळ अगर सुटलेली साल हलक्या हातानें उचलून पांढऱ्या परातींत झटकावी. हातांत मोजे असावेत, बाह्या बांधलेल्या असाव्यात. परातींत पांढऱ्या अळ्या-अंड्यांचा पुंजका पडेल व त्याच्या भोंवतीं गडबडलेल्या नारिंगी मुंग्या दिसतील. त्यांत कामकऱ्यांच्या सुमारें तिप्पट लांब, गर्द तपकिरी रंगाची जी दिसेल ती राणी. नीट पाहिल्यास एकीच्या जागीं अनेक निघतील. दिसल्या तेवढ्या चिरडून समाधान मानण्यांत मात्र हशील नाहीं. दहा हातांवरच्या दुसऱ्या पुंजक्यांत तितक्याच राण्या आहेत, आणि परात वाजल्याबरोबर कामकऱ्यांनीं कांहीं आधींच उचलून नेल्या असतात. या शोधाचा उपयोग जागा व जात निश्चित करण्यापुरता. मारण्याचें काम आमिषावर सोंपवावें.

आमिषाचें तत्त्व समजण्यास मुंगीच्या घरांतील जेवणाची रीत माहीत पाहिजे. बाहेर जाणारी मुंगी सर्व अन्न स्वतः खात नाहीं. रस असेल तर तो पोटांतील एका निराळ्या कोथळींत भरून आणते व घरीं तोंडास तोंड लावून इतरांस वांटते. घन पदार्थ असेल तर तो अळ्यांपुढें टाकते, त्या तो पचवून त्याचा रस परत देतात. या हातांतून त्या हातांत जात जात अन्न शेवटीं राणीस पोंचतें. म्हणून औषध असें पाहिजे कीं, तें नेणारी मुंगी वाटेंत मरतां कामा नये. जलद मारणारें औषध आमिषांत घालणें म्हणजे पत्र नेणाऱ्या जासुदास वेशींतच ठार करणें होय. आमच्या मतें आपल्याकडील घरगुती उपायांचें अपयश बहुतांशीं येथेंच आहे. ढेकणामागें लागणाऱ्या गोडखाऊ मुंग्यांसाठीं साखरेच्या पाण्यांत बोरिक ॲसिड घालण्याचा उपाय पुष्कळांस ठाऊक असतो, पण "जास्त घातलें तर लवकर गुण येईल" या समजुतीनें तें मूठभर घातलें जातें. खरें प्रमाण शेंकडा अर्धा ते एक इतकेंच आहे. त्याहून अधिक झाल्यास मुंगी तोंड तरी लावीत नाहीं, किंवा घरीं पोंचत तरी नाहीं.

लहान आगमुंगीस साखरेपेक्षां तेल व प्रथिनें यांची ओढ अधिक दिसून आली. प्रारंभीं दाणेदार आमिष जमिनीवर फेंकण्यांत येई. पण हिलोच्या पावसांत तें विरघळून जाई, आणि झाडावरच्या राण्यांपर्यंत तर पोंचतच नसे, कारण दाणा फांदीवर टिकत नाहीं. यावर तोड म्हणून तेथील संशोधकांनीं पाणी, खाद्य तेल, दाण्यांचें लोणी व घट्टपणा आणणारा एक डिंक यांचें खळीसारखें मिश्रण करून त्यांत औषध मिसळण्याची युक्ति काढिली. ही खळ पिचकारीनें खोडावर व फांद्यांवर जागोजाग चिकटविली जाते. तीत घालण्याच्या औषधांपैकीं मिथोप्रीन हें विशेष लक्षांत ठेवण्यासारखें. तें मुंगीस मारीतच नाहीं. त्यामुळें राणीच्या अंड्यांपासून पुढची पिढी निपजणें बंद पडतें. असलेल्या मुंग्या आपल्या आयुष्याप्रमाणें सरत जातात व त्यांच्या जागीं नव्या येत नाहींत.

साहजिकच पहिले कांहीं आठवडे बागेंत कांहींच फरक दिसत नाहीं, आणि बागवान धीर सोडून फवारणीकडे वळतो. तसें केल्यास आधींचें सर्व फुकट जातें, कारण फवारणीनें आमिष नेणाऱ्या मुंग्याच मरतात. शिवाय एका खेपेनें भागत नाहीं. आमिष टाकलें त्या वेळीं ज्या मुंग्या कोषांत असतात त्या कांहीं खात नाहींत, म्हणून त्यांच्यापर्यंत औषध जात नाहीं. त्यांतून निघणाऱ्या नव्या राण्या काम पुढें चालवितात. यासाठीं तेथें दर सहा आठवड्यांनीं एक याप्रमाणें आठ खेपा, म्हणजे जवळजवळ वर्षभर, आमिष टाकावें असें सांगतात. त्याच वेळीं शेजाऱ्याच्या बागेंतही काम व्हावें लागतें. सोसायटीच्या मार्गानें दहा-वीस बागाईतदारांनीं मिळून करण्याचें हें काम आहे. एकट्यादुकट्यानें खर्च करून पदरांत फारसें पडणार नाहीं, कारण पलीकडच्या बांधावरून राण्या पायीं चालत परत येतात.

चिकाटीनें काम केल्यास मुंगी समूळ जाते याचेंही एक उदाहरण त्याच समुद्रांत आहे. हवाईच्या नैर्ऋत्येस सुमारें १३०० किलोमीटरांवर जॉन्स्टन नांवाचें लहानसें प्रवाळद्वीप आहे. २०१० सालीं तेथें पिवळी वेडी मुंगी आढळली. ही चावत नाहीं, आम्ल फवारते. जमिनीवर अंडीं उबवीत बसलेल्या समुद्रपक्ष्यांचे डोळे त्यामुळें जाऊं लागले. तेव्हां अमेरिकन सरकारच्या वन्यजीव खात्यानें तेथें स्वयंसेवकांच्या टोळ्या आळीपाळीनें ठेविल्या. त्यांनीं वर्षानुवर्षें आमिष टाकून व जागोजाग खाद्याच्या चिठ्ठ्या मांडून द्वीप पिंजून काढिलें. शेवटची खात्री वासावर शिकविलेल्या कुत्र्यांकडून करून घेऊन २०२१ सालीं द्वीप मुंगीमुक्त जाहीर करण्यांत आलें. लहान द्वीपावरील कामास दहा वर्षें लागलीं, हें पाहतां मोठ्या बेटावर तें किती कठीण असेल याची कल्पना करावी. हवाई बेटावर समूळ नाशाची आशा सध्यां कोणी धरीत नाहीं. आपापली बाग राखणें व मुंगी दुसऱ्या बेटांवर जाऊं न देणें एवढेंच तेथें चाललें आहे.

आमच्या वाचकांनीं यांतून आपल्या बागेपुरतें काय उचलावें, तें थोडक्यांत सांगतों. झाडावर ढेकूण व मुंगी दोन्ही दिसल्यास आधीं मुंगीची वाट तोडावी. खोडास चिकट पट्टी बांधावी, जमिनीस टेकलेल्या फांद्या छाटाव्या व आधाराच्या बांबूंसही पट्टी द्यावी, नाहींतर मुंगी त्या वाटेनें चढते. त्याबरोबर बांधावर व पाटाच्या कडेला काड्या ठेवून वसाहत कोठें आहे तें पाहावें, आणि आमिष तेथें ठेवावें, झाडावर नव्हे. तेलखाऊ कीं गोडखाऊ हें ठरविण्यास एका काडीस दाण्यांचें लोणी व दुसरीस गुळाचें पाणी लावून दोन्ही शेजारीं शेजारीं ठेविल्या म्हणजे तासाभरांत उत्तर मिळतें. विकतचें औषध घ्यावयाचें झाल्यास आपल्या पिकावर त्यास परवानगी आहे कीं नाहीं हें वेष्टणावर वाचून घ्यावें, आणि मुंगीसाठीं औषध मारलेल्या मळ्यांतील पाला गुरांपुढें टाकूं नये.

रोपवाटिकेंतून, विशेषतः परप्रांतांतून वा परदेशांतून आलेल्या शोभेच्या झाडांच्या वाटिकेंतून, कलमें किंवा कुंड्या आणल्या तर त्या थेट बागेंत न उतरवितां आठवडाभर वेगळ्या ठेवाव्या व त्यांत दोनतीन वेळां काड्या ठेवून पाहाव्या. अनोळखी बारीक मुंगी आली तर ती कुंडी आंत घेऊं नये. दहाबारा मुंग्या, शक्य झाल्यास राणीसह, औषधी दुकानांत मिळणाऱ्या स्पिरिटच्या लहान बाटलींत घालून, कोणत्या झाडावर, कोणत्या गांवीं व कोणत्या तारखेस सांपडल्या हें शिसपेन्सिलीनें लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आंतच टाकावी. शाईचीं अक्षरें स्पिरिटांत धुऊन जातात. ही बाटली राहुरी, दापोली, परभणी अगर अकोला येथील कृषि विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पाठवावी आणि जात ठरून उत्तर येईपर्यंत त्या खेपेंतील एकही रोप शेजाऱ्यास देऊं नये.